आवाज पोचायच्या आत उघडलेलं दार

विदर्भ स्नेही मंडळाचे अध्यक्ष आदरणीय चंपतराव ठवकर, ज्या संस्थेतर्फे आपले शामसुंदर रशियाला निघाले आहेत तिचे संचालक आणि आजचे प्रमुख पाहुणे श्री. बाबाराव पांढरीपांडे, सत्कारमूर्ती डॉ. शामसुंदर झाडे, त्यांच्या पत्नी सौ. रमा, आज तरी डोळ्यांना पदर लावू नका असं घरच्यांनी बजावूनही तो लावून बसलेल्या त्यांच्या आई गिरजाबाई, दुर्गहून, पावर हाउसहून थंडीत स्कूटरवर आलेली मंडळी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले तरुण मित्र, आपणा सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी सुशीला गजभिये. भूल देणारी डॉक्टर आहे. लोकांना झोपवणं हा माझा धंदा. भाषण करूनही लोकांना झोपवता येतं, पण ते कसब माझ्याकडे नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असावं.

सत्काराला उभं राहिलं की चांगलं बोलावं अशी रीत आहे. शामसुंदरांबद्दल चांगलं बोलायला मला आठवावं लागत नाही. वडील इथे भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क, चार भावंडं, सेक्टरमधल्या दोन खोल्यांत अभ्यास, मग नागपूरचं मेडिकल कॉलेज. आमच्या छोट्या रुग्णालयात ते सर्जन म्हणून आले तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बाईची फाटलेली आतडी शिवली. मी डोक्याशी बसून नाडी बघत होते, पण नजर त्यांच्या हातांवरून हटेना. घाई नाही, थांबणं नाही, वाया गेलेली एकही हालचाल नाही. असे हात मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. हे मी आज शाल-श्रीफळाच्या भरात म्हणत नाही. पुढे जे सांगणार आहे ते सांगूनही हेच म्हणेन.

आज सकाळी गिरजाबाई माझ्या घरी आल्या होत्या. म्हणाल्या, "सुशीलाबाई, तुमी तरी सांगा ना मले, कावून चालला हा? पोटं फाडाले माणसं का इथं कमी पडून राहिली?"

गिरजाबाई, तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथल्या पुष्कळांच्या मनात तोच असेल. पेपरात 'भिलाईचा सुपुत्र' एवढंच छापून आलं. सुपुत्र तिथे जाऊन करणार काय, ते कुणी छापलं नाही. म्हणून आधी तेवढं सांगते.

उद्या-परवा नाही, पण कधीतरी माणूस दुसऱ्या ग्रहाकडे निघणार आहे. जायला बरेच महिने, यायला बरेच महिने. यानात पाच-सहा जण. त्यांतल्या एकाचं अपेंडिक्स वाटेत सुजलं तर? परत फिरता येत नाही. दुसरं कुणी मदतीला पोचू शकत नाही. जे काही करायचं ते आतल्या माणसांनी, आतल्या सामानावर. त्या दिवसाची तयारी जमिनीवर चालली आहे. रशियात एक बंद घर बांधलंय. शामसुंदर आणि आणखी पाच जण त्यात वर्षभर राहतील. डॉक्टर हेच. त्यातून पुढे निवड होईल आणि कदाचित एक दिवस ते खरोखरच वर जातील. म्हणून हा हार, म्हणून हा सत्कार.

वजन नसलेल्या जागी पोट उघडलं तर काय होतं, हे आपल्यापैकी कुणी बघितलंय? शामसुंदरांनी बघितलंय. तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा रशियाला गेले होते. तिथे एक विमान उंच चढवतात आणि मग असं खाली झोकतात की आतल्या सगळ्यांचं वजन थोडा वेळ नाहीसं होतं. उलटी यायला पुरेल एवढा वेळ, असं ते म्हणायचे. तेवढ्यात त्यांनी भूल दिलेल्या सशाचं पोट उघडलं. सोबत लीदिया पेत्रोव्हना होत्या. आपल्या इथल्या रशियन वसाहतीतल्या वयस्कर सर्जन, आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्या हातचा काळा चहा घेतलाय. परत आल्यावर शामसुंदर मला म्हणाले, "ताई, रक्त खाली पडतच नाही. जखमेवर फुग्यासारखं साठत जातं. बोट लागलं की बोटावर चढतं. आणि आतडी उघड्या पोटातून हळूहळू वर येतात. कुणी बोलावल्यासारखी."

ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती असेल असं मला वाटलं होतं. भीती नव्हती. लग्न ठरलेल्या माणसासारखा चेहरा होता. रमा, रागावू नका.

त्यानंतर ते आमच्या ऑपरेशन थिएटरमध्येही चिमट्यांना दोरे बांधायला लागले, तरंगून जाऊ नयेत म्हणून. आम्ही हसायचो. तेही हसायचे, पण दोरे सोडायचे नाहीत.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पोटाच्या ऑपरेशनला पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. इथे अनेक बहिणींनी ते घेतलं असेल. त्या औषधात आम्ही थोडी साखर घालून ते जड करतो. जड असलं की ते कण्यातल्या पाण्यात खाली उतरतं. टेबल कसं तिरपं करायचं त्यावरून ते कुठवर जाईल हे आमच्या हातात राहतं. पण जिथे वजन नाही तिथे खाली म्हणजे कुठे? तिथे जड औषधाला काही अर्थ नाही. आणि वास घेऊन झोपवायचा गॅस तर बंद यानात चालतच नाही, कारण पेशंटची हवा तीच सगळ्यांची हवा. म्हणून ठरलं की साधं, जड न केलेलं औषध वापरायचं. ते कसं वागेल याचा भरवसा थोडा कमी असतो. बहुतेक वेळा कमरेशी थांबतं. एखाद्या वेळी वर चढतं. छातीपर्यंत चढलं की श्वासाचे स्नायू झोपतात, आणि मास्कला जोडलेली रबरी बॅग दाबून हवा आत घालावी लागते. माणूस जागा असतो, पण त्याला ओरडता येत नाही.

क्षमा करा. निरोपाच्या सभेत असं बोलू नये, हे मला कळतं.

सत्याऐंशी सालच्या थंडीत रुआबांध्याच्या पलीकडे एका जुन्या गोदामात पोलादाची एक बंद खोली उभी राहिली. रेल्वेच्या मोठ्या टँकरसारखी आडवी, आत चार माणसांना राहता येईल अशी. रशियातल्या मोठ्या प्रयोगाची ती छोटी तालीम होती. तिची वाच्यता करायची नाही अशी आम्हाला ताकीद होती, आणि आम्ही ती पाळली. आज मी बोलते आहे ते बाबारावांच्या समोर, त्यांच्या पाठीमागे नाही. बाबाराव, माझ्याकडून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर मला इथेच थांबवा. मी वाईट वाटून घेणार नाही.

आत चौघे होते. डॉक्टर म्हणून शामसुंदर. त्यांचे मदतनीस विजयकुमार, पेशाने इंजिनिअर. हवेची यंत्रं सांभाळायला टिकाराम, धमतरीकडचा फिटर. आणि ओमप्रकाश, दुर्गच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा तिशीतला तरुण. ओमप्रकाश बोलका. दार बंद व्हायच्या आधी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, "मैडम, तीन महीने चुप कैसे रहूँगा, इसकी चिंता है. बाकी कोई चिंता नहीं."

बाहेर एका टेबलाशी मी आणि लीदिया पेत्रोव्हना, दुसऱ्या टेबलाशी बाबाराव. आत बोलायचं तर मायक्रोफोन होता. पण आमचा आवाज सरळ जात नसे. एक टेपचं यंत्र तो धरून ठेवी आणि काही मिनिटांनी आत सोडी. आतलाही आवाज तसाच उशिरा बाहेर येई. खऱ्या प्रवासात इतक्या लांबून आवाज पोचायला तेवढा वेळ लागतो, म्हणून ही व्यवस्था. दार माझ्या टेबलापासून या व्यासपीठावरून त्या खिडकीपर्यंत आहे तेवढ्या अंतरावर होतं. रंगवलेलं, हिरवं. बाहेरून फिरवायचं चाक. आतून उघडायला काही नाही.

सुरुवातीला गंमत वाटली. आतून 'नमस्कार' आला की उत्तर द्यायचं आणि चहा पिऊन यायचं. पुढे पुढे मला एक बदल जाणवायला लागला. आधी ते विचारायचे, आज भिलाईत थंडी किती, कुणाचं लग्न झालं का, गोदामावरचा पत्रा दुरुस्त झाला का. मग ते विचारणं बंद झालं. शामसुंदर 'तिकडे पृथ्वीवर' असं म्हणायला लागले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाबाराव खूष झाले. म्हणाले, "बघा डॉक्टर, किती एकरूप झालेत." लीदिया पेत्रोव्हना हसल्या नाहीत.

शेवटच्या पंधरवड्यात ओमप्रकाशचं पोट दुखायला लागलं.

शामसुंदरांनी तपासलं आणि कळवलं की अपेंडिक्स आहे, वाट बघण्यात अर्थ नाही. मला हायसं वाटलं. मी उठले आणि बाबारावांना म्हणाले, "दार उघडायला सांगा, मी थिएटर तयार ठेवते."

बाबाराव म्हणाले, "बसा डॉक्टर. ते दार मागत नाहीत."

खरंच मागत नव्हते. आतून जो संदेश आला होता त्यात शामसुंदर म्हणत होते की ऑपरेशन आतच करणार. सगळे नियम प्रवासातले. जखमेवर पारदर्शक प्लास्टिकचं छत्र बसवायचं, त्याच्या बाह्यांतून हात घालून काम करायचं, रक्त तरंगू नये म्हणून. औषध साधंच. रक्त लागलं तर टिकारामचं, त्याचा गट जुळतो. पाठोपाठ ओमप्रकाशचाही आवाज आला, दुखण्याने दबलेला. "मैडम, मेरी तरफ़ से हाँ है. दरवाज़ा मत खोलिए. तीन महीने बरबाद हो जाएँगे."

त्यांना दोष कसा द्यायचा? तीन महिने एकाच टोपात शिजवलेलं खाल्लेली माणसं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्या तिघांसाठी आपण मागे हटू नये. मी मायक्रोफोनवर सांगितलं, "शामसुंदर, तुम्ही जमिनीवर आहात. इथे खाली आहे. जड औषध वापरा, ते कपाटात आहे." हे बोलणं आत पोचलं तोवर इंजेक्शन देऊन झालं होतं.

पाच मिनिटांनी, सात मिनिटांनी, बातम्या येत राहिल्या. पोट उघडलं. अपेंडिक्स सापडलं, फुटलेलं नाही. विजयकुमार डोक्याशी उभे राहून पेशंटकडे बघत होते आणि कळवत होते. ओमप्रकाश भूल लागल्यावरही बडबडत होता, त्याच्या विद्यार्थ्यांबद्दल काहीतरी सांगत होता. ते आम्हाला मागे बारीक ऐकू येत होतं. मग विजयकुमारांचा आवाज आला, अगदी समाधानाचा. "पेशंट शांत झालाय. बोलणं बंद केलंय."

मी खुर्चीतून कशी उठले ते मला सांगता येणार नाही. ओमप्रकाश गप्प झाला होता. ओमप्रकाश आपणहून गप्प होत नसे.

मी मायक्रोफोन ओढला. "विजयकुमार, श्वास बघा. छाती हलते का बघा. बॅग दाबा, लगेच बॅग दाबा." आणि समोरच ते टेपचं चक्र शांतपणे फिरताना मला दिसत होतं. माझा आवाज त्याच्यात जाऊन बसला होता. जे मी ऐकलं ते तर कधीच होऊन गेलं होतं.

"बाबाराव, टेप काढा. तार सरळ जोडा."

"डॉक्टर, तुमचा संदेश गेलाय. त्यांना मिळेल."

"मिळेल तोवर उशीर झालेला असेल."

बाबाराव म्हणाले, "तोच तर अभ्यास आहे, डॉक्टर."

बाबाराव, हे शब्द असेच होते ना? मी आपल्याकडे बघते आहे. आपण मला थांबवलं नाहीत. आभारी आहे. आपण क्रूर माणूस नाही, हे मी या सभेला सांगू इच्छिते. त्या वेळी आपण खुर्चीतून अर्धे उठला होतात, ते मी पाहिलं होतं. पण आपण स्विचकडे हात नेला नाही.

मी दाराकडे गेले. चाक एकट्या माणसाच्याने फिरत नाही, ते तसंच बनवलं होतं. मी लटकले त्याला, तरी हललं नाही. मागून बाबाराव म्हणत होते, चाकाला हात लावू नका. मग माझ्या हातांशेजारी आणखी दोन हात आले, म्हातारे, डागाळलेले. लीदिया पेत्रोव्हनांना हिंदी चार-सहा शब्द यायचे. त्या एवढंच म्हणाल्या, "चलो." बाहेर प्लांटचा दुपारच्या पाळीचा भोंगा झाला, आणि त्याच आवाजात ते दार सुटलं.

आत पिवळा उजेड. माणसांचा, घामाचा, स्पिरिटचा वास. शामसुंदर पाय पट्ट्यांत अडकवून टेबलाशी उभे होते, प्रवासात उभं राहावं तसे. हात प्लास्टिकच्या बाह्यांत. छत्र आतून वाफेने धुरकटलेलं. शेजारी विजयकुमार, पलीकडे टिकाराम. तिघांनी माझ्याकडे बघितलं.

मंडळी, मला आयुष्यात खूप वेळा लोकांनी मदतीला आलेली बाई म्हणून बघितलंय. ती नजर मी ओळखते. ही ती नव्हती. दार आहे, दाराबाहेर गोदाम आहे, गोदामाबाहेर रस्ता आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिथे असणं शक्यच नाही. टिकाराम भिंतीला चिकटला. विजयकुमार ओरडले, "बंद करो, दरवाज़ा बंद करो!" आणि शामसुंदर, हे आपले शामसुंदर, अगदी हलक्या आवाजात, घरी बोलतात तसं मला म्हणाले,

"ताई, तुमी इथं कशा काय आल्या? तुमचं बोलणं तर अजून पोचाचं हाय."

मी ओमप्रकाशचं डोकं धरलं. ओठ निळे होते. डोळे उघडे. नाडी होती, धाग्यासारखी. मी मास्क दाबून बॅग चालवायला लागले. लीदिया पेत्रोव्हनांनी त्याचे पाय उचलून धरले. "शामसुंदर, पोट राहू द्या, इकडे या," मी म्हणत होते. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर होते. ते हलले नाहीत. ते वाट बघत होते.

आणि मग भिंतीतल्या लाउडस्पीकरमधून माझाच आवाज आला. "विजयकुमार, श्वास बघा. छाती हलते का बघा. बॅग दाबा, लगेच बॅग दाबा."

तेव्हा शामसुंदर हलले. त्यांनी बाह्यांतून हात काढले, पायाच्या पट्ट्या सोडल्या, आणि माझ्याकडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाले, "हो ताई."

मी जिवंत, त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांनी उत्तर दिलं भिंतीला.

चंपतराव घड्याळाकडे बघताहेत. मला कल्पना आहे. चिवड्याच्या पुड्या बांधून तयार आहेत आणि चहा उकळून काळा होतो आहे. फार वेळ घेणार नाही.

ओमप्रकाशचा श्वास परत आला. त्याला आम्ही रुग्णालयात नेलं. ऑपरेशन, मी खरं सांगते, अप्रतिम झालेलं होतं. धुरकटलेल्या छत्रातून, उशांएवढ्या बाह्यांतून केलेलं. आज त्याच्या पोटावरचा व्रण शोधावा लागतो. पण जेवढा वेळ श्वास नव्हता तेवढ्यात त्याच्या मेंदूतून काहीतरी निघून गेलं. तो चालतो, जेवतो, भावाला ओळखतो. नवीन काही राहत नाही. सकाळी सांगितलेलं दुपारी नसतं. कॉलेजची नोकरी गेली. पावर हाउसला त्याच्या मोठ्या भावाचं कापडाचं दुकान आहे, तिथे तो गादीवर बसतो. गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. पुन्हा पुन्हा तेच.

त्या तालमीचं पुढे काय झालं? ती यशस्वी ठरली. बंद खोलीत, बाहेरच्या मदतीशिवाय, शस्त्रक्रिया पार पडली असा निष्कर्ष निघाला. दार बाहेरच्या व्यक्तींनी नियम मोडून उघडलं, त्यामुळे शेवटचा भाग तेवढा धरता आला नाही. मला त्या कामातून मोकळं केलं. लीदिया पेत्रोव्हनांना परत बोलावून घेतलं. आणि शेवटपर्यंत दार न मागणारा डॉक्टर म्हणून शामसुंदरांचं नाव वर गेलं.

मागच्या आठवड्यात ते निरोप घ्यायला माझ्याकडे आले. रमाने केलेले लाडू घेऊन. बराच वेळ गप्पा झाल्या. मी शेवटी विचारलंच. म्हटलं, "शामसुंदर, त्या दिवशी मी आले नसते तर?"

ते म्हणाले, "तर तुमचा आवाज आला असता, ताई. मी बॅग दाबली असती."

"तोवर तो गेला असता."

त्यावर ते म्हणाले, "आता तुम्हाला भेव नको. आता दार उघडणारं कोणी नसन."

ते मला धीर देत होते! खरंच, मायेने. लाडवाचा डबा पुढे करत.

म्हणून आज इथे येताना, खाली दरवाज्याशी, मी बाबारावांना एकच विचारलं. रशियातल्या त्या घराचं दार वेळ आली तर कोण उघडू शकतं? त्यांनी सरळ उत्तर दिलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. या वेळी सुधारणा केली आहे, ते म्हणाले. दार आतून उघडतं. तो अधिकार आतल्या डॉक्टरला आहे.

म्हणजे शामसुंदरांना.

मंडळाच्या भगिनींनी त्यांच्यासाठी इतके सुंदर स्वेटर विणले आहेत. तिथे वर्षभर एकच हवामान असणार, हे मी कुणाला सांगितलं नाही. शामसुंदर, ते घेऊन जा. अंगात घालावेसे वाटले नाहीत तर उशाशी ठेवा. कुणीतरी हाताने केलेली वस्तू आहे ती. रमा, तुम्हाला महिन्यातून एकदा बोलता येईल असं कळतं. त्यांना घरची थंडी किती ते सांगा. शेजारी कुणाकडे बाळ झालं ते सांगा. ते विचारणार नाहीत, तरी सांगा. ते काय म्हणतात ते नीट ऐका, आणि त्यांनी विचारणं थांबवलं आहे असं वाटलं तर ताबडतोब माझ्याकडे या. माझ्या हातात काही नाही. तरी या. आपण दोघी मिळून बाबारावांच्या दाराशी जाऊन बसू.

गिरजाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. तो कावून चालला, हे त्यालाही धड माहीत नसावं. तिथे कुणीतरी त्याला बोलावतंय, एवढं त्याच्याकडे बघून कळतं. मी त्याला रोखू शकत नाही. तुम्ही आई असून रोखू शकला नाहीत, तिथे मी कोण?

आता एकच विनंती, सत्कारमूर्तींना. शामसुंदर, तुम्ही दोन वर्षांत ओमप्रकाशला भेटला नाहीत. का, ते मी विचारत नाही. सभेच्या थोडं आधी त्याच्या भावाने दुकानात पेपर वाचून दाखवला आणि तो ऐकून ओमप्रकाश घरी गेला. त्याला त्या तीन महिन्यांतलं काहीही आठवत नाही. दार बंद व्हायच्या आदल्या दिवशीपर्यंतचं सगळं आठवतं. त्याच्या हिशेबी तुम्ही चौघे अजून आत जायचे आहात. भावाने खूप समजावलं, पण ऐकेना. तो आत्ता या सभागृहात आहे. मागच्या दाराशी, निळा स्वेटर घातलेला. त्याच्या पायाशी बॅग आहे. टूथब्रश, टॉवेल, दोन पुस्तकं, सगळं भरलेलं. त्याने मला येताना विचारलं, "मैडम, गाड़ी कितने बजे है?"

मी त्याला काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम तुमचं आहे, शामसुंदर. माझं भाषण संपलं की व्यासपीठावरून उतरा, सगळ्यांच्या मधून चालत त्याच्यापर्यंत जा, आणि ही गाडी त्याच्यासाठी नाही हे तुमच्या तोंडाने सांगा. मग खुशाल निघा.

मंडळाने मला बोलायला दिलं, बाबारावांनी मध्ये न थांबवता ऐकून घेतलं, आपण सगळ्यांनी थंड होत चाललेल्या चहाकडे न बघता कान दिला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मंगल प्रसंगी मी अमंगळ बोलले. त्यात जे जास्त वाटलं, कुणाच्या जिव्हारी लागलं, ते माझ्या वयाला आणि माझ्या धंद्याला माफ करावं. शामसुंदर, सुखरूप या.

उठा आता. तो उभा राहिलाय.